करारात पाऊस फक्त आमच्याच नावावर का? द्राक्षपट्ट्यातून खुलं पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री आणि मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातली द्राक्षबागायतदार. आमची चार एकर बाग आहे. सासऱ्यांनी लावली, 2008 पासून मी पाहते. छाटणीची तारीख, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), मजुरांचा हिशेब, फवारणीच्या नोंदी, व्यापाऱ्याशी भावाची बोलणी, सगळं माझ्याकडे. पत्र लिहायची सवय नाही. पण पंधरा दिवसांपूर्वी एक कागद घरी आला आणि तो वाचल्यापासून गप्प बसवत नाही.

तो कागद म्हणजे करार. चारपैकी एका एकरात मी 2021 साली परदेशी वाण लावलं. रोपं देणारी आणि माल घेणारी कंपनी एकच, तिच्यात बाहेरच्या देशाचं भांडवल आहे. नाव मी घेत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीपुरती नाही. अशा करारांवर सह्या केलेली माणसं आमच्या पंचक्रोशीत बरीच आहेत. नव्या हंगामासाठी अकरा पानांचा इंग्रजी मसुदा आला. मुलगी नाशिकला शिकते. ती शनिवारी घरी आली तेव्हा ओट्यावर बसून तिने एकेक कलम मराठीत सांगितलं. मणी किती मिलिमीटरचा, गोडी किती ब्रिक्स, घडाचं वजन किती, कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं, माल कोणत्या आठवड्यात पॅकहाऊसला पोचवायचा. सगळं नीट लिहिलेलं. मग ती एका कलमाशी थांबली आणि तेच दोनदा वाचलं. अवकाळी पाऊस, गारपीट, थंडी, ढगाळ हवामान यांमुळे होणारं नुकसान सर्वस्वी उत्पादकाचं राहील, आणि माल कमी आला किंवा आलाच नाही तरी वाणाचं वार्षिक शुल्क ठरल्या तारखेला भरावं लागेल.

"आई, यात पाऊस फक्त तुझ्या नावावर आहे," ती म्हणाली.

हे वाक्य आपल्यापर्यंत पोचवायचं म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी आमच्याकडे काय झालं, ते आधी सांगते. द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी. लोकांना वाटतं घड ऑक्टोबरनंतर तयार होतो. तसं नाही. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत, म्हणजे मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, काडीवरच्या डोळ्याच्या (जिथून फूट येते त्या जागेच्या) आत पुढच्या हंगामाचा घड ठरतो. त्या दिवसांत झाडाला कडक ऊन लागतं. उन्हाळ्यात आम्ही डोक्यावर पदर घेऊन बागेत उभ्या राहतो, पण ते ऊन आम्हाला हवं असतं.

2025 च्या मे महिन्यात ते ऊन मिळालंच नाही. वळीव एकदा सुरू झाला तो थांबेना. मोसमी पाऊस 25 मे रोजी राज्यात आला, 26 ला मुंबईत पोचला. मुंबईची त्याची एरवीची तारीख 11 जून. टीव्हीवर लवकर आलेल्या पावसाचं कौतुक चाललं होतं. मी बागेत शेंड्यांकडे बघत होते. जमीन वाफशावर येईना, मुळ्या चालेनात, शेंडा नुसता वाढत सुटलेला. पुढे सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा झोडपलं, आणि गोडी छाटणीनंतर फुटव्यावर डाऊनी हा बुरशीचा रोग आला तो वेगळाच.

छाटणीच्या आधी आम्ही काडी तपासून घेतो. प्लॉटमधून ठिकठिकाणच्या काड्या कापून प्रयोगशाळेत द्यायच्या. तिथला मुलगा ब्लेडने डोळ्याचा पातळ काप घेतो, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो आणि कोणत्या डोळ्यावर घड आहे ते सांगतो. त्यावरून किती डोळ्यांवर छाटायचं ते ठरतं. मी वीस काड्या नेल्या होत्या. तो एकेक काप लावत गेला आणि वहीत शून्य मांडत गेला. दहाव्या काडीनंतर त्याने खुर्ची मागे सरकवली आणि मला म्हणाला, "काकू, तुम्हीच बघा." मी डोळा लावला. घडाच्या जागी बारीक, टोकदार काहीतरी होतं. बाळी. म्हणजे त्यातून फळ यायचं नव्हतं, नुसता तणावा फुटायचा होता. बाहेर बाकावर आणखी सात-आठ जण काड्यांच्या जुड्या मांडीवर घेऊन बसले होते. कोणी कोणाला विचारलं नाही, तुमचं काय निघालं.

आमची लागवड नऊ बाय पाचची, एकरी 968 झाडं. बऱ्या वर्षी झाडाला तीसेक घड ठेवतो, बाकीचे काढून टाकतो. या वर्षी काढायला काही नव्हतं. फुटीनंतर मी ओळीतून चालत मोजलं. कुठे नऊ, कुठे बारा, कुठे नुसता पाला. जिथे शंभर क्विंटल निघायचे तिथे तीस निघाले तरी पुष्कळ. खर्च मात्र पूर्ण वर्षाचा झाला. छाटणी, पेस्ट, खतं, औषधं, मजुरी मिळून एकरी साडेतीन लाखांच्या पुढे.

सुरगाणा आणि पेठ तालुक्यातून दरवर्षी दिवाळीनंतर बायकांची एक टोळी आमच्याकडे येते. वीस-बावीस जणी. विरळणी, डिपिंग, पुढे काढणी. त्यांच्यातल्या काही जणींच्या आयाही आमच्या सासूबाईंकडे यायच्या. या वर्षी मी फक्त नऊ जणींना बोलावू शकले, तेही तीन आठवड्यांसाठी. बाकीच्या कुठे गेल्या ते मला माहीत नाही. त्यांचं नुकसान कुठल्याच पंचनाम्यात नाही, विम्यात नाही, करारात तर नाहीच.

आता माझ्या तक्रारी.

पहिली पंचनाम्याची. शासनाने ऑक्टोबर 2025 मध्ये 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, हे मला मान्य आहे आणि ज्यांच्यापर्यंत ते पोचलं त्यांच्यासाठी आनंदही आहे. पण माझ्या बागेत पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्यांनी कागद पुढे केला तेव्हा त्यात उभ्या पिकाचं किती टक्के नुकसान, असा रकाना होता. माझ्या बागेत पाला हिरवागार, झाडं उभी. घड नाहीत. "जे पीक आलंच नाही त्याचं नुकसान कसं लिहू?" त्यांनी मला विचारलं. ते आमच्याच सारख्या घरातले, त्यांना मी दोष देत नाही. नमुना बनवताना बागेचं वर्ष कसं चालतं हे कोणी विचारलं नाही, दोष त्याचा आहे. आणि समजा लिहिलं असतं, तरी आपत्ती निधीचा बहुवार्षिक पिकांचा मूळ दर हेक्टरी 22,500 रुपये. एकरी 9,000. माझ्या एका फवारणीच्या फेरीचं उधार त्यात फिटेल.

दुसरी विम्याची. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आमच्यासारख्या ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षाचं संरक्षण ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतं. घड मरतो मे-जूनमध्ये. म्हणजे ज्या दिवसांत आमचा हंगाम ठरतो त्या दिवसांत आम्ही उघडे. शिवाय पाऊस मोजला जातो महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर. आमच्या मंडळातलं केंद्र माझ्या बागेपासून नऊ किलोमीटरवर आहे. गार आणि पाऊस मंडळाची हद्द बघून पडत नाहीत.

26 नोव्हेंबर 2023 च्या संध्याकाळी आमच्या तालुक्यात गारा पडल्या तेव्हा अर्धं गाव झोडपलं गेलं आणि अर्धं कोरडं राहिलं. त्या रात्रीचं मी विसरू शकत नाही. बॅटरी घेऊन बागेत गेले, पायाखाली मणी आणि गारा एकत्र वाजत होत्या. त्यानंतर बाराव्या दिवशी, 8 डिसेंबरला, कांद्याची निर्यात बंद झाली. ज्यांची द्राक्षं गेली त्यांना कांद्याचा आधार होता, तोही गेला. तो निर्णय दिल्लीचा होता, आपला नव्हता हे मला कळतं. पण शेतकऱ्याच्या घरात दोन्ही पंधरा दिवसांच्या आत आलं.

तिसरी तक्रार मोठी आहे, तिच्यासाठीच बाकीचं लिहिलं.

आपण राज्यात परदेशी गुंतवणूक आणता. दावोसला जानेवारी 2025 मध्ये 15 लाख कोटींहून जास्त रकमेचे करार झाल्याचं आम्ही वाचलं. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन या देशांशी मार्च 2024 मध्ये झालेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. त्यात 15 वर्षांत 100 अब्ज डॉलर गुंतवणुकीचं उद्दिष्ट आहे. यातला काही पैसा शेतीकडे येणार, आणि यायला हवा. मी परदेशी पैशाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते. 2022 साली मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत युरोपातल्या चार संस्थांनी 310 कोटी रुपये घातले, त्यांतल्या दोन नेदरलँड्स आणि फ्रान्सच्या सरकारांशी जोडलेल्या विकासवित्त संस्था आहेत. दिंडोरी तालुक्यातला शेतकरी युरोपातल्या सरकारी पैशाला भागीदार करू शकतो, याचा मला अभिमान वाटतो. शीतगृहं नसती, प्रीकूलिंग नसतं, तर आमचा माल रॉटरडॅमला पोचलाच नसता.

माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्या देशाचे नियम असे आहेत की साध्या शेतीत परदेशी भांडवलाला मुभा नाही. जमीन माझी, ती माझीच राहावी. मादागास्करमध्ये 2008 साली दक्षिण कोरियाच्या एका कंपनीने 13 लाख हेक्टर जमीन 99 वर्षांसाठी घ्यायचं ठरवलं होतं. लोक भडकले, 2009 मध्ये सरकार पडलं त्यात या रागाचाही वाटा होता, आणि नव्या सरकारने तो व्यवहार मोडला. तशी वेळ आपल्यावर नको. पण बियाणं आणि रोपं यांत 100 टक्के परदेशी गुंतवणूक चालते. नियंत्रित वातावरणातल्या फळबागेत, भाजीपाल्यात चालते. शीतगृहात, अन्नप्रक्रियेत चालते. म्हणजे पैसा माझ्या बांधाच्या अलीकडे आहे, रोपाच्या रूपाने. बांधाच्या पलीकडेही आहे, पॅकहाऊस आणि कंटेनरच्या रूपाने. दोन्हीकडे डोक्यावर छप्पर आहे. मधला तुकडा तेवढा आभाळाखाली, आणि त्या तुकड्यावर मी एकटी.

पूर्वी हे चालून गेलं. पाऊस त्याच्या वेळेला यायचा, दहा वर्षांतून एखादं वर्ष वाईट जायचं, बाकीची नऊ भरून काढायची. आता तसं राहिलं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 साली मांडलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे तापत चाललेला अरबी समुद्र आहे. आम्हाला ते आकडे नंतर कळले, बागेत आधी दिसलं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट, 2023 चा नोव्हेंबर, 2025 चा मे. करार मात्र अजून जुन्या पावसाच्या भरवशावर लिहिले जातात.

हे आभाळ आम्ही बिघडवलं का? भारतातल्या माणसामागे वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकेतल्या माणसामागे त्याच्या सहा-सात पट. श्रीमंत देशांनी 2009 साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत कबूल केलं होतं की 2020 पर्यंत गरीब देशांना वर्षाला 100 अब्ज डॉलर देऊ. तो आकडा गाठायला 2022 उजाडलं. आता बाकूच्या परिषदेत 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज म्हणाले आहेत. नुकसान भरून देण्याचा वेगळा निधीही 2022 साली शर्म अल-शेखला ठरला. त्या निधीतून माझ्या तालुक्यातल्या एका बागेला एक रुपया मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. पण त्याच देशांतला पैसा गुंतवणूक म्हणून आला की तो वेळेवर येतो आणि वेळेवर परत मागतो.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण कार्बन क्रेडिटचा फॉर्म घेऊन गावात आला होता. तुमच्या बांधावरची झाडं, तुमच्या जमिनीतला कार्बन आम्ही मोजू, बाहेरच्या कंपन्यांना विकू, तुम्हाला वाटा देऊ. सही दहा वर्षांसाठी. मी त्याला विचारलं, या दहा वर्षांत गारपिटीने झाडं मोडली तर? त्याने फॉर्म चाळला आणि म्हणाला, ते शेतकऱ्याने परत लावायचं.

2010 ची गोष्ट आपल्या खात्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. बाग हाती घेऊन मला दोनच वर्षं झाली होती. युरोपच्या बंदरांवर आपल्या द्राक्षाचे कंटेनर अडकले, क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून. आम्ही त्याला लिहोसीन म्हणतो, शेंडा थांबवायला तेव्हा सर्रास वापरायचो. त्याची तपासणी होणार हे आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं. माल परत आला, काही तिकडेच वाया गेला. निर्यातदाराने आमचा हिशेब अर्ध्यावर सोडला. उरलेले पैसे कधी आले नाहीत. सासऱ्यांनी त्या वर्षी खालच्या अंगाचं एक एकर विकलं. म्हणून चार एकर, आधी पाच होती. नियम तिकडे बदलला, चूक कोणाची याचा शोध इकडे कोणी घेतला नाही, आणि जमीन आमची गेली. त्यानंतर आम्ही शिकलो, नोंदी ठेवल्या, औषधं बदलली. शिकायला आम्ही कधीच मागे नव्हतो.

वाणाबद्दलही सांगायचं आहे. तासगावकडची तास-ए-गणेश, नान्नजची सोनाका ही वाणं शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागेत हेरली. वेगळी काडी दिसली, ती जपली, शेजाऱ्याला दिली. द्राक्षपट्टा असाच वाढला. आज मी जे परदेशी वाण लावलं आहे त्याची काडी सख्ख्या बहिणीलाही देता येत नाही. नवं वाण शोधायला खर्च येतो, त्याचा मोबदला द्यावा, हे मला पटतं. पण 2019 साली गुजरातमध्ये पेप्सिकोने बटाट्याच्या वाणावरून चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीहून जास्त रकमेचे दावे लावले होते. देशभर आवाज उठला म्हणून मे महिन्यात ते मागे घेतले. आपल्या 2001 च्या वाण संरक्षण कायद्याचं कलम 39 शेतकऱ्याचा बियाणं राखण्याचा, वाटण्याचा, विकण्याचा हक्क मानतं. व्यापार करारांच्या बोलण्यांत विकसनशील देशांवर यूपीओव्ही या वाणांच्या हक्कांवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे 1991 चे कडक नियम घ्यायला दबाव येतो. भारत अजून त्यात नाही. राज्याने दिल्लीला ठणकावून सांगावं की महाराष्ट्राला ते चालणार नाही.

आणि पाणी. पेरूमधल्या इका खोऱ्याचं नाव द्राक्षवाल्यांना आता माहीत आहे, कारण पेरू निर्यातीत जगात पहिल्या रांगेत आहे. ते खोरं म्हणजे वाळवंट. मोठ्या भांडवलाने तिथे आधी शतावरीसारखी भाजी आणि मग द्राक्षं उभी केली, खोल विहिरी घेतल्या, आणि भूजल खाली खाली गेलं. लहान शेतकऱ्यांच्या विहिरी आटल्या. आमच्या शिवारात 1990 च्या सुमाराला दीडशे फुटांवर पाणी होतं, आता बोअर साडेचारशेवर नेऊनही खात्री नाही. यात आमचीही चूक आहे, आम्ही उपसा आवरला नाही. पण आपल्याच जिल्ह्यात वाघाडला उपाय सापडलेला आहे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रातून पाणीवापर संस्था उभ्या केल्या, आणि एका धरणाच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातात घेऊन चालवून दाखवला. नव्या निर्यातबागांना प्रोत्साहन देताना त्या भागातल्या पाणीवापर संस्थेला विचारलं जातं का? आमच्याकडे तरी कोणी विचारल्याचं आठवत नाही.

माझ्या मागण्या अशा.

ज्या कंपनीत परदेशी भांडवल आहे आणि जिला राज्याकडून जमीन, वीज सवलत, अनुदान किंवा कसलीही परवानगी मिळते, तिच्या शेतकऱ्यांशी होणाऱ्या प्रत्येक करारात हवामानाचं कलम सक्तीचं करा. नुकसान 33 टक्क्यांच्या वर गेलं, ज्या मर्यादेवर आपण पंचनामा धरता तीच मर्यादा, तर त्या वर्षीचं वाणशुल्क आणि रोपांचा हप्ता माफ. पुढे ढकललेला चालणार नाही, कारण पुढचं वर्ष चांगलं जाईल याची हमी आता कोणीच देत नाही. शिवाय चांगल्या वर्षी निर्यात झालेल्या दर किलोमागे एक रुपया कंपनीने आणि एक रुपया शेतकऱ्याने जिल्ह्याच्या निधीत टाकावा, वाईट वर्षी तो बागेच्या मालकाला आणि कामाला आलेल्या मजुरांना मिळावा. माझा रुपया मी आजच द्यायला तयार आहे.

करार मराठीत असावा. त्याची एक प्रत तालुका कृषी कार्यालयात नोंदवलेली असावी. वाद झाला तर सुनावणी नाशिकमध्ये व्हावी. माझ्या मसुद्यात लवाद परराज्यातल्या शहरात आहे, तिथे एका तारखेला जायचं तर बागेतले तीन दिवस जातात.

फळपीक विम्याचं संरक्षण खरड छाटणीपासून सुरू करा आणि मे-जूनचा सलग पाऊस व ढगाळ हवामान त्याच्या निकषांत घ्या. पंचनाम्याच्या नमुन्यात घड न निघाल्याचा रकाना घाला. काडी तपासणीचा अहवाल त्यासाठी पुरावा म्हणून धरता येईल. ते कागद आमच्याकडे आहेत, शेकड्यांनी आहेत.

प्लास्टिक आच्छादनाने पाऊस आणि गारा अडतात, हे ज्यांच्याकडे आहे त्यांच्या बागेत दिसतं. खर्च एकरी पाच लाखांच्या घरात जातो. मदतीची योजना आहे, पण आमच्या गावात एकाही बागेवर त्या मदतीतलं आच्छादन नाही. जागतिक बँकेच्या कर्जावर राज्यात हवामानाशी जुळवून घेण्यासाठी पोकरासारखे प्रकल्प चालतात. लहान बागायतदाराच्या आच्छादनासाठी तिथून किंवा दुसरीकडून स्वस्त कर्ज उभं करा. आणि पुण्याजवळच्या मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्राला या बदललेल्या पावसात टिकणारी, शुल्क न लागणारी वाणं शोधायला पैसा कमी पडू नये, यासाठी राज्याने दिल्लीकडे पाठपुरावा करावा.

हे सगळं एका वर्षात होणार नाही, हे मला कळतं. पण हवामानाचं कलम एका शासन निर्णयाचं काम आहे. कंपन्या निघून जातील, असं आपल्याला कोणी सांगेल. मला तसं वाटत नाही. नाशिकची काळी जमीन, आमचे हात आणि चाळीस वर्षांचा अनुभव त्यांना दुसरीकडे इतक्या सहज मिळणार नाही. त्यांच्या माणसांशी मी बांधावर उभं राहून बोलले आहे, तेही काही वाईट लोक नाहीत. त्यांनी मला सांगितलं, "ताई, सरकारने सगळ्यांना सारखा नियम केला तर आम्हीही पाळू. एकट्याने कसं करणार?"

आमची खरड छाटणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. त्याआधी मला ठरवायचं आहे की तो एक एकर ठेवायचा की मुळासकट काढायचा. कराराचे अकरा कागद देवघराच्या कपाटात ठेवले आहेत, सही केलेली नाही. आपण किंवा आपला कोणी अधिकारी तोपर्यंत येणार असेल तर ओळीतून माझ्याबरोबर चाला. काडी तपासणीची वही मी दाखवते.

आपली,
एक द्राक्षबागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक